आधी त्याचं, मग आपलं

उभं राहिल्यावर चष्मेवाल्याला कळलं, की आपल्याजवळ काहीच नाही. वाक्य आत्ता, या घटकेला, समोरच्या खुर्चीतल्या औषधवाल्यानं म्हटलं होतं. ते त्यानं ऐकलं होतं, ऐकताना मानही हलवली होती. आणि आता ते परत सांगायला तोंड उघडलं तर तोंडात नुसती हवा. वीस-बावीस माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्यांच्या बघण्यात काळजी नव्हती, उलट मजा होती. कारण परत सांगावं तर यानंच, असा त्याचा लौकिक. बैठकीत त्याला ‘टेप’ म्हणत. औषधवाल्याला ‘पण’ म्हणत, कारण त्याचं एकही बोलणं त्या शब्दाशिवाय सुरू होत नसे. नावं ठेवायला माणसं जमली की ती तत्त्वज्ञानावर बोलायला जमली आहेत की पत्ते खेळायला, यानं फरक पडत नाही. चष्मेवाल्यानं खिडकीकडे पाहिलं, काठीला अडकवलेल्या वर्तमानपत्रांकडे पाहिलं, आणि मग घशाला हात लावून तो खोकला. जरा मोठ्यानंच खोकला. “घसा,” एवढंच म्हणून त्यानं पाण्याचा पेला उचलला, आणि पाणीखात्यातला इंजिनियर त्याच्याऐवजी उठला.

बैठकीचा नियम साधा होता आणि फळ्याच्या वर पुठ्ठ्यावर लिहून टांगलेला होता: आधी त्याचं, मग आपलं. आपल्या आधी जो बोलला त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, त्यानं “हो, हेच म्हणालो” असं म्हणेपर्यंत सांगत राहायचं, आणि मगच स्वतःचं तोंड उघडायचं. त्याचा ‘हो’ आला की झालं, मग तिसऱ्यानं मध्ये पडायचं नाही. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा लढाईत नक्की कोण हरलं यावरून दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या होत्या आणि सोडवल्यावर असं निघालं, की दोघं एकच गोष्ट म्हणत होते. तेव्हापासून हा नियम. बाहेरचा कुणी पहिल्यांदा आला तर बोलायचा मान त्याचा, आणि ज्याच्याबरोबर तो आला त्यानं त्याचं परत सांगायचं, अशी पुरवणीही होती. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी चार ते सहा, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, खुर्च्यांचं कडं करून. काळ पुढे जातो की आपण? झाडाला कळतं का? हरलेल्यांचा इतिहास कुठे जातो? भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या होत्या पण खडू काही सुटला नव्हता. विषय त्या लिहीत. रस्त्यावरून कुणीही वर यावं. एक गृहस्थ तर निव्वळ पंख्यासाठी येत आणि वर्षभरानं तेच सगळ्यांत जास्त बोलू लागले. त्या शनिवारी फळ्यावर होतं: नकाशा खोटं बोलतो का?

“यांचं म्हणणं असं,” इंजिनियर सांगत होता, “की नकाशात जी नदी दिसते ती नदी नसतेच. नदी दरवर्षी थोडी सरकते. नकाशातली रेघ नदीची नसते, ती काढणाऱ्याच्या त्या दिवसाची असते. मग आपण तिथे जातो, पाणी दिसत नाही, आणि नदीच चुकली म्हणतो.” औषधवाला म्हणाला, “हो, हेच म्हणालो.” भूगोलाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तो चष्मा चष्मेवाल्यानंच करून दिला होता. त्या म्हणाल्या, “आज आमची टेप अडकली म्हणायची.” सगळे हसले. तोही हसला, उसनं हसला, आणि हसता हसता त्यानं इंजिनियरचं ते वाक्य आत घट्ट धरून ठेवलं. जिना उतरला तेव्हा हातात नदी होती, रेघ होती. शेवटच्या पायरीवर रेघेच्या पुढं काहीतरी होतं, ‘त्या दिवसाची’ की ‘त्या माणसाची’. रस्ता ओलांडून पलीकडे गेला तेव्हा नुसती नदी राहिली होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

होतं असं कधीकधी, त्यानं स्वतःला सांगितलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणाचं होत नाही? इंजिनियर छत्री विसरतो, बाई विषय विसरतात, औषधवाला तर समोरच्याचं बोलणं संपायच्या आत विसरतो. पण ते विसरणं वेगळं. त्यात विसरलेल्या गोष्टीची जागा तरी राहते, दात पडल्यावर जीभ जिथं जाते तशी. त्याला वाक्याची जागाही सापडत नव्हती. आणि त्याला वडील आठवले. खरं म्हणजे आठवले असं म्हणणं चूक, ते गेलेच नव्हते कुठे, घशाला हात लावला तेव्हाच येऊन बसले होते. वडील शिंपी होते. एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या हातून पहिल्यांदा बाही उलटी लागली, आणि त्रेसष्टाव्या वर्षी ते सकाळी उठून विचारू लागले, “साहेबांचा कोट दिला का?” ज्या साहेबांचा कोट, ते जाऊन वीस वर्षं झाली होती. आई बिचारी खरं बोलायची. “अहो, साहेब केव्हाच गेले,” म्हणायची, आणि वडिलांना साहेब गेल्याचं रोज नव्यानं कळायचं, रोज ते पहिल्या दिवसासारखं रडायचे. मग डॉक्टर म्हणाले, त्यांना खोडू नका. तेव्हापासून ते काम मुलाकडं आलं. साहेबांचा कोट दिला का? हो, दिला. काय म्हणाले? छान बसला म्हणाले. दिवसातून दहा वेळा तो कोट बसला. एकदा भर दुपारी, खिडकीपाशी ऊन खात असताना, वडिलांनी मान वर केली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं, पूर्वी चुकलेली शिवण पाहायचे तसं, आणि म्हणाले, “तू ‘हो’ फार लवकर म्हणतोस.” बायको तेव्हा तिथंच होती, त्यांची नखं कापत होती. संध्याकाळी वडिलांनी पुन्हा कोटाचं विचारलं. त्या दिवसापासून तो मनात दोन आकडे मोजून मग ‘हो’ म्हणू लागला. वडील जाईपर्यंत पुन्हा कधी त्यांना संशय आला नाही.

पुढचे चौदा दिवस त्यानं स्वतःवर पाळत ठेवली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्याचा त्याला रोज सकाळी सातपासून अनुभव येऊ लागला. दाढी करताना तो आठवड्यातली गिऱ्हाइकं आठवी, उतरत्या क्रमानं. ती आठवली की आनंद, आणि लगेच दुसरी शंका, की ही खरीच आलेली की मीच बसवलेली? दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एक शाळेतली शिक्षिका तपासायच्या खुर्चीत बसली होती, नाकावर ती जड चौकट, एक डोळा झाकलेला. त्यानं एक काच घातली, काढली, दुसरी घातली. “पहिली बरी की दुसरी?” हा प्रश्न त्यानं तीस वर्षांत किती हजार वेळा विचारला असेल. ती म्हणाली, “पहिली.” आणि त्याच्या दोन्ही हातांत दोन काचा होत्या आणि पहिली कुठली ते त्याला माहीत नव्हतं. तिच्या उघड्या डोळ्यात तक्त्याचा दिवा चमकत होता. ती वाट बघत होती, निवांत, विश्वासानं. “पुन्हा एकदा बघू,” तो म्हणाला. हे वाक्य चष्मेवाले दिवसातून पन्नास वेळा म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्याला घाम फुटला तो त्यामुळेच, की आपल्या धंद्यात हे किती दिवस झाकून राहील. कदाचित वर्षानुवर्षं. पुन्हा एकदा बघू.

झाकणारे त्यानं पाहिले होते. मागे एक बसचा ड्रायव्हर दर वर्षी दाखल्यासाठी येई, खुर्चीत बसायच्या आत तक्ता धाडधाड वाचून दाखवी, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. एका वर्षी तक्ता जुना झाला म्हणून चष्मेवाल्यानं नवा लावला होता, अक्षरं वेगळी. ड्रायव्हर बसला, छाती पुढे काढून शेवटची ओळ म्हणाला, तीच, जुनी, एकही अक्षर न चुकता. समोर ती ओळ नव्हतीच. चष्मेवाल्याला हसू आलं होतं तेव्हा, आणि दाखला न देता त्यानं त्याला जाड काचा दिल्या होत्या. ही गोष्ट त्यानं परवा जेवताना बायकोला सांगितली. “अगं, समोर तक्ता वेगळा, आणि हा आपला पाठ केलेला म्हणतोय.” बायको हसली, अगदी जिथे हसायला हवं तिथेच हसली. “हो का?” म्हणाली. रात्री झोपताना त्याच्या मनात आलं, की गोष्ट आठ-दहा वर्षांपूर्वीची. आपण ती हिला याआधी सांगितली नसेल? सांगितली असेल तर ही हसली कशी?

मग घरातल्या बारीकसारीक गोष्टी त्याच्या डोळ्यांत खुपू लागल्या. बायको बाळंतपणाच्या दवाखान्यात परिचारिका होती, पस्तीस वर्षं पाळ्या केल्या आणि दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली. तेव्हापासून घरात चिठ्ठ्या आल्या होत्या. गॅसच्या बटणांपाशी एक, दाराच्या आतल्या बाजूला किल्लीच्या खिळ्यावर एक. दवाखान्याची सवय, सुटत नाही, असं त्याला वाटलं होतं. आता वाटलं, हिला कशाला हव्यात चिठ्ठ्या? हिला तर तिच्या हातावर जन्मलेल्या पोरांची वजनं पाठ आहेत. बाहेर जाताना ती दोनदा सांगे, कुठे चालले आणि किती वाजता येईन. त्याला सामान आणायला सांगायचं तिनं बंद केलं होतं, “मी जातेच आहे तिकडं,” म्हणे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं असेल, त्यानं मनाला बजावलं. तीन वेळा तो चार दुकानं सोडून औषधवाल्याकडं गेला, खोकल्याच्या गोळ्या घ्यायला, कारण खोकला आता राखणं भाग होतं. मनात हे, की बोलता बोलता तो नदीचं वाक्य पुन्हा म्हणेल. “पण तुमचा घसा तर साफ दिसतोय,” औषधवाला म्हणाला. “पण हल्ली हवाच तशी.” नदीबद्दल त्यानं ब्र काढला नाही. गोळ्या खिशात साठत गेल्या. नदी, रेघ, आणि पुढे काय? विचारायची सोय नव्हती. ज्यानं इतकी वर्षं गावाचं परत सांगितलं त्यानं एका वाक्यासाठी दारोदार फिरायचं?

शुक्रवारी बायको म्हणाली, “उद्या मीही येते म्हणते तुमच्या बैठकीला.” तो चहाची कपबशी पुसत होता. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. शनिवारी तिची दुपारपाळी असे. “तुला कंटाळा येईल,” तो म्हणाला. “नाही येणार. बाई रस्त्यात भेटल्या होत्या. विषय माझ्यातलाच आहे म्हणाल्या.” “आणखी काय म्हणाल्या?” “आणखी काय म्हणणार?” ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातातली बशी घेऊन जागेवर ठेवली, कारण ती त्यानं तिसऱ्यांदा पुसायला घेतली होती. भूगोलाच्या बाई रस्त्यात भेटल्या. बाई आणि बायको, दोघी रस्त्याच्या कडेला, पिशव्या हातात घेऊन, हळू आवाजात. त्यानं बेत केला: उद्या पहिलं आपण बोलायचं. पहिल्याला कुणाचंच परत सांगावं लागत नाही. दोन वाक्यं बोलायची, खोकायचं, आणि मग सहापर्यंत गप्प. दोन वाक्यं त्यानं चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली.

फळ्यावर लिहिलं होतं: दुखणं मोजता येतं का? तो बाईंच्या शेजारची खुर्ची धरून बसला, डबी मांडीवर. चार वाजले, पंखा लागला, आणि त्यानं हात वर केला. “थांबा थांबा,” बाई म्हणाल्या, “आज आपल्याकडे पाहुण्या आहेत. पहिलं त्यांचं. आणि परत सांगायचं कुणी, ते सांगायला नको.” सगळ्यांनी हसून त्याच्याकडे पाहिलं. पुरवणीचा नियम. हा नियम त्याला पाठ होता, नव्या लोकांना तोच समजावून सांगत असे, आणि कालपासून एवढा डोक्याला ताप करून घेतला त्यात नेमका तोच एकदाही आठवला नव्हता. भीती काय असते ते त्याला तेव्हा कळलं. हातपाय गार पडणं वगैरे नाही. आपण जिथे उभे आहोत तिथली फळी आपणच मघाशी काढून ठेवली होती, एवढं कळणं.

बायको उठली नाही, बसूनच बोलली, दवाखान्यात खाटेशी बोलत असेल तशी. “आम्ही बायकांना विचारतो, एक ते दहात किती दुखतंय. एकजण नऊ म्हणाली आणि म्हणताना केस बांधत होती. दुसरी तीन म्हणाली आणि तिचा जीव चालला होता. मी पस्तीस वर्षं आकडे लिहिले. मला वाटतं तो आकडा दुखण्याचा नसतो. विचारणारा कोण आहे त्याचा असतो. आई असली तर एक, नवरा दारात असला तर दुसरा. माणूस आपलं दुखणं नाही सांगत, समोरच्याला सोसेल तेवढं सांगतो.” तिनं पर्सची कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. चष्मेवाला एकेक शब्द बोटावर धरत ऐकत होता. आकडा. दुखण्याचा नसतो. विचारणारा. आहे, सगळं आहे. तो उठला.

“यांचं म्हणणं असं,” त्यानं सुरुवात केली, आणि आवाज त्याचा त्यालाच बरा वाटला, पूर्वीचा, टेपचा. “की जे आपण मांडतो ते त्या वस्तूचं नसतंच.” एकदोघांनी माना डोलावल्या. आणि मग ते आलं. चौदा दिवस दाराबाहेर ताटकळत असल्यासारखं, सबंध, शब्दाला शब्द लागून आलं, आणि त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. “नदी दरवर्षी थोडी सरकते. नकाशातली रेघ नदीची नसते, ती काढणाऱ्याच्या त्या दिवसाची असते. मग आपण तिथे जातो, पाणी दिसत नाही, आणि नदीच चुकली म्हणतो.” एक अक्षर चुकलं नाही. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत त्यानं ते म्हटलं, छाती पुढे काढून, आणि मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. इंजिनियर आपल्या बुटांकडे बघत होता. औषधवाला ‘प’ म्हणायला ओठ मिटून बसला होता आणि ओठ उघडत नव्हता. तक्ता बदललेला होता. त्याला ते कळलं, पण चटकन नाही, पायापासून वर चढत आलेल्या गार पाण्यासारखं कळलं.

“हो,” बायको म्हणाली. “हेच म्हणाले.”

नियम तो नियम. तिचा ‘हो’ आला, आता तिसऱ्यानं मध्ये पडायचं नव्हतं, आणि कुणी पडलंही नाही. भूगोलाच्या बाईंनी खडू पेटीत ठेवला. “आता तुमचं सांगा,” त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या. त्या आवाजात त्या त्याच्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. “माझं काही नाही,” तो म्हणाला आणि बसला. नंतर दुखण्यावर दीड तास चर्चा झाली, चांगली झाली असणार, औषधवाल्यानं सात-आठ वेळा ‘पण’ म्हटलं. चष्मेवाल्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्याला ते एकच ‘हो’ ऐकू येत होतं. ते त्याच्या ओळखीचं होतं. ते त्यानंच कधीतरी आपल्या घरात आणलं होतं.

सहा वाजता दोघं जिना उतरू लागली. उजेड होता, खालच्या वाचनकक्षात कुणीतरी पानं उलटत होतं. मधल्या वळणावर तो थांबला. “तू ‘हो’ फार लवकर म्हणालीस,” तो म्हणाला.

बायकोनं कठडा धरला. ते वाक्य कुणाचं ते तिला सांगायला नको होतं. “घाई झाली खरी,” ती म्हणाली. “ते सगळे बघत होते हो तुमच्याकडे.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. डॉक्टरांना विचारलंय मी. पुढच्या आठवड्यात घेऊन या म्हणालेत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. तुम्ही घाबराल म्हणून.”

“घाबरलोच आहे,” तो म्हणाला. खिशात हात घातला तर हाताला गोळ्या लागल्या, पुष्कळ गोळ्या. “विसरण्याची भीती नाही वाटत मला. विसरलेलं कुठे कळतं? तू ‘हो’ म्हणत राहशील, आणि एक दिवस मला ते खरं वाटेल. त्याची वाटते.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पर्स पायरीवर ठेवली आणि त्या दुपारीच शिकलेल्या नियमानं, एकेक शब्द जपून, म्हणाली, “तुमचं म्हणणं असं, की विसरण्याची तुम्हाला भीती नाही. मी खोटं ‘हो’ म्हणेन आणि ते तुम्हाला खरं वाटेल, याची भीती आहे. हेच ना?”

त्यानं नीट ऐकलं. वाक्य चांगलं होतं. शहाण्या माणसाचं होतं, त्याचं असू शकेल असं होतं. त्यानं ते आत शोधलं, आत्ताच म्हटलं असेल तर आवाज तरी शिल्लक असेल म्हणून शोधलं. हाताला नुसत्या गोळ्या लागत होत्या. बायको वाट बघत होती, चेहरा वर करून, एक पाय खालच्या पायरीवर. तिला सोसेल असं काहीतरी सांगायला हवं होतं. मनात दोन आकडे मोजायला हवे होते.

“हो,” तो म्हणाला, “हेच म्हणालो.” आणि ते फार लवकर आलं, हे दोघांनाही ऐकू आलं.